अनशापोटी एक, जेवणाबरोबर दुसरी : थायरॉइड आणि डायबिटीस दोन्ही असणाऱ्यांसाठी

परळला हॉस्पिटलांच्या गराड्यात आमचं मेडिकल आहे. मी फार्मासिस्ट, काउंटरच्या आत उभी राहून पंचवीस वर्षं होत आली. दुपारी ओपीडी सुटायला लागली की केसपेपर हातात धरलेली रांग लागते. गेल्या पावसाळ्यात त्या रांगेतून लालबागच्या एक काकू पुढे आल्या. एका हातात केसपेपर, दुसऱ्या हातात फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी. म्हणाल्या, "ताई, ही पण उपाशीपोटी लिहिलीय आणि ती पण. मग आधी कुठली घेऊ?"

एक होती थायरॉक्सिन, म्हणजे मंदावलेल्या थायरॉइडसाठीची हार्मोनची गोळी, दुसरी डायबिटीसची, सेमाग्लुटाइडची गोळी. दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर होते, फक्त एकाची चिठ्ठी दुसऱ्याने पाहिली नव्हती.

ज्यांना नुकतंच या दोन्ही आजारांचं निदान झालंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. कुठलं औषध आणि किती, हे डॉक्टर ठरवतील. मी सांगते ते गोळ्या घरी आल्यानंतरचं. आणि एक गोष्ट आत्ताच मनात पक्की करा, कारण पुढचं बरंचसं तिच्यातूनच निघतं : थायरॉइडचा डोस हलला की साखरेचं गणितही हलतं.

पहिलं काम : आजाराचं पूर्ण नाव विचारा

"मला थायरॉइड आहे" असं सगळेच सांगतात. थायरॉइड प्रत्येकाला असते, गळ्यात, फुलपाखराच्या आकाराची. विचारायचं ते हे की ती मंदावलीय की उधळलीय, आणि कशामुळे. शरीराची संरक्षण यंत्रणाच तिच्यावर उलटली असेल तर तो ऑटोइम्यून आजार. त्यातला ग्रंथी मंदावणारा प्रकार हाशिमोटो. १९१२ साली हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी चार बायकांच्या गाठी तपासून तो पहिल्यांदा मांडला, म्हणून हे नाव. ग्रंथी उधळते तो ग्रेव्ह्ज. हाशिमोटोत बहुधा टीपीओ अँटीबॉडी, म्हणजे थायरॉइडविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं, वाढलेल्या सापडतात. ग्रेव्ह्जसाठी टीएसएच रिसेप्टरची अँटीबॉडी बघतात. टीएसएच म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन : ग्रंथी मंदावली की ते चढतं, उधळली की उतरतं.

डायबिटीसचंही तसंच. टाइप १ हाही ऑटोइम्यून आजार आहे, त्यामुळे टाइप १ असलेल्यांना थायरॉइडचा त्रास इतरांपेक्षा बऱ्याच जास्त प्रमाणात होतो. म्हणून निदान झाल्यावर लगेच आणि पुढे दर एक-दोन वर्षांनी त्यांची टीएसएच तपासतात. पण आमच्या काउंटरवर जास्त दिसतो तो तिसराच प्रकार. माणूस चाळिशीचा, अंगाने सडसडीत, हाशिमोटो आधीपासून. साखर सापडली, टाइप २ म्हणून गोळ्या सुरू झाल्या. दोनाच्या तीन झाल्या, तीनाच्या चार, आणि साखर काही ऐकेना. अशा वेळी डॉक्टरांना जरूर विचारा : "गॅड अँटीबॉडी आणि सी-पेप्टाइड करून बघायचं का?" पहिलीतून स्वादुपिंडावर हल्ला चाललाय का ते कळतं, दुसरीतून शरीर स्वतःचं इन्सुलिन किती बनवतंय ते. मोठेपणी हळूहळू येणारा ऑटोइम्यून डायबिटीस टाइप २ च्या वेषात वावरतो. तो तसा निघाला तर औषधांची निवडच बदलते. ग्लिमेपिराइडसारख्या, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणाऱ्या गोळ्या मागे पडतात आणि इन्सुलिन लवकर येतं.

दुसरं काम : सकाळ बसवा

थायरॉक्सिन अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा ते एक तास काही नाही. चहासुद्धा नाही. हे सांगितलं की समोरचा चेहरा पडतो, पण चहा-कॉफीमुळे ती पोटातून कमी शोषली जाते. माझं एक गिऱ्हाईक कल्याणहून येतं, पहाटेची लोकल पकडतं. त्याला मी इतकंच सुचवलं की उशाशी गोळी आणि पाण्याचा तांब्या ठेव, अलार्म बंद करायचा आणि गोळी घ्यायची. आंघोळ, देवपूजा, डबा भरणं होईतो पाऊण तास जातो आणि चहा आपोआप नियमात बसतो.

कॅल्शियम, लोह आणि अॅसिडिटीच्या चघळायच्या गोळ्या थायरॉक्सिनपासून चार तास लांब. चाळिशीपुढच्या बायकांच्या पाकिटात या तिन्ही असतातच, आणि सोय म्हणून सगळ्या सकाळीच पोटात जातात. मग टीएसएच खाली येत नाही, डोस वाढतो, आणि "मला गोळी लागूच पडत नाही" अशी तक्रार सुरू होते. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर घ्या, निम्मा गोंधळ तिथेच मिटेल.

डायबिटीसच्या मेटफॉर्मिनचं उलट आहे, ती जेवणाबरोबर. रिकाम्या पोटी घेतली तर मळमळ आणि जुलाब ठरलेले. तेव्हा या दोघी एकमेकींच्या वाटेत येत नाहीत : थायरॉक्सिन उठल्यावर, मेटफॉर्मिन पोहे-उपम्याबरोबर. नावापुढे एसआर किंवा एक्सआर असलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी फोडू, चावू नका. आणि शौचात कधी गोळीचं रिकामं टरफल दिसलं तर दचकू नका. औषध आत उतरलेलं असतं.

आता काकूंचा प्रश्न. सेमाग्लुटाइडची गोळी, दुकानात तिला रायबेल्सस म्हणून ओळखतात, उठल्या उठल्या जास्तीत जास्त अर्धा कप पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर निदान अर्धा तास दुसरं काही नाही, दुसरं औषधही नाही. ती थायरॉक्सिनबरोबर घेतली तर रक्तात जाणारं थायरॉक्सिन सुमारे एक तृतीयांशाने वाढतं, असं कंपनीच्याच माहितीपत्रकात आहे. म्हणजे दोन्ही एका घोटात गिळणं बाद. मी काकूंसमोरच डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी थायरॉक्सिन रात्रीवर ढकलली, कारण काकू मालिका सुरू व्हायच्या आत, सातलाच जेवतात. जेवणानंतर तीन तासांनी, झोपताना घेतलेली थायरॉक्सिन चांगली काम करते. पण नऊला घरी पोचून दहाला जेवणाऱ्याने हा मार्ग धरू नये. त्याची गोळी मध्यरात्री एकला येईल आणि आठवड्यात चारदा चुकेल. काही जणांना डॉक्टर अशा वेळी सेमाग्लुटाइडच्या गोळीऐवजी त्याचंच आठवड्याचं इंजेक्शन देतात.

तिसरं काम : एकाचा डोस बदलला की दुसऱ्याची वही उघडा

थायरॉइड मंद असते तेव्हा इन्सुलिन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं आणि यकृत साखर कमी सोडतं. थायरॉक्सिन सुरू झाली, अंगात जान आली, की ही सुस्ती मोडते आणि साखर थोडी वर सरकू शकते. इन्सुलिनवर असणाऱ्यांना हे जास्त जाणवतं. "थायरॉइडच्या गोळीने शुगर वाढली" म्हणून कित्येक जण थायरॉक्सिनच सोडून देतात. तसं करू नका, गरज साखरेचा डोस तपासण्याची असते.

ग्रेव्ह्जमध्ये सगळं उलटं, आणि जास्त धोक्याचं. ग्रंथी उधळलेली असताना इन्सुलिन भराभर मोडतं, यकृत साखर ओतत राहतं, आतड्यातून साखर झपाट्याने रक्तात येते. साखर आटोक्यात ठेवायला डॉक्टर इन्सुलिन वाढवतात. इकडे कार्बिमाझोल, ग्रंथीला लगाम घालणारी गोळी, सुरू होते, काही आठवड्यांत ग्रंथी शांत होते, आणि वाढवलेलं इन्सुलिन तसंच राहिलेलं असतं. मग एका दुपारी साखर कोसळते. परळच्याच रेडिएशन मेडिसिन सेंटरसारख्या ठिकाणी ग्रेव्ह्जसाठी रेडिओआयोडीन (ग्रंथीच्या पेशी मारणारं किरणोत्सारी आयोडीन) घेतलेल्यांनी तर दुहेरी सावध राहावं. आधी ग्रंथी शांत होते, पुढे काही महिन्यांत बहुतेकांची ती मंदावते आणि थायरॉक्सिन सुरू होते, म्हणजे साखरेचं गणित एकदा नव्हे, दोनदा बदलतं.

करायचं काय? थायरॉइडच्या औषधात बदल झाला की पुढचे काही आठवडे ग्लुकोमीटर नेहमीपेक्षा जास्त वापरा. सकाळची उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची, तारखेसकट लिहा. थायरॉइडच्या गोळीचा नवा डोस त्याच पानावर वर लिहा. वही दोन्ही डॉक्टरांना दाखवा. साखरेचा डोस ते बदलतील, तुम्ही परस्पर नाही. टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा करतात, कारण थायरॉक्सिन रक्तातून निम्मी व्हायलाच आठवडा लागतो. तेव्हा दोन आठवड्यांत टीएसएच काढून "काहीच फरक नाही" म्हणणाऱ्यांनी पैसे वाचवावेत.

इथे एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या तपासणीबद्दलही सांगायला हवं. थायरॉइड बरीच मंद असताना, उपचार नसताना, हा आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. लोह कमी असेल तरीही. थायरॉइड उधळलेली असेल तर तो कमी दिसतो. त्यामुळे रिपोर्टात आठ आला आणि घरच्या वहीत सगळं एकशेतीसच्या आसपास असेल, तर नवीन गोळी सुरू होण्याआधी ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. किडनीचं काम सांगणाऱ्या क्रिएटिनिनचंही तसंच : ग्रंथी मंद असताना ते चढलेलं दिसतं आणि थायरॉक्सिनने उतरतं. मेटफॉर्मिन चालू ठेवायची की कमी करायची हे किडनीच्या त्याच हिशोबावर ठरतं (क्रिएटिनिनवरून काढलेला किडनीच्या गाळण्याचा आकडा, ईजीएफआर, ३० च्या खाली गेला तर ती बंदच करतात), म्हणून डोस जमल्यावर तपासणी पुन्हा करून घ्या.

चौथं : थरथर सुटली की अंदाज नको, सुई

एक गृहस्थ काउंटरला टेकून उभे होते. बोटं थरथरत होती, कपाळावर घाम. म्हणाले, "थायरॉइड वाढलंय वाटतं परत. धडधडतंय." ग्रेव्ह्जचे पेशंट, अंदाज चुकीचा म्हणता येणार नाही. पण मी आधी बोट टोचलं. ५८. साखर ७० च्या खाली म्हणजे लो, आणि ५८ला थांबायचं नसतं.

थरथर, घाम, धडधड, घाबरंघुबरं होणं, ही उधळलेल्या थायरॉइडची लक्षणं आणि साखर पडल्याचीही. डोळ्यांनी फरक कळत नाही. त्यात ग्रेव्ह्जमध्ये धडधड दाबायला प्रोप्रानोलॉल देतात, ती साखर पडल्याची धडधड आणि थरथरही झाकते. घाम मात्र झाकत नाही. ही गोळी चालू असेल तर विनाकारण सुटलेला घाम हीच तुमची घंटा.

साखर पडल्यावर १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे अंदाजे तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात, आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. सावरल्यावर थोडं खाणं. आता तुमच्या डायबिटीसच्या गोळीचं पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा. त्यात व्होग्लिबोज किंवा अकार्बोज आहे का? आपल्याकडे ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज एकत्र असलेल्या गोळ्या भरपूर खपतात. व्होग्लिबोज आतड्यात साखर फोडण्याचं कामच मंदावतं, त्यामुळे घरची साखर, गूळ, बिस्किटं वेळेवर उपयोगी पडत नाहीत. तयार ग्लुकोजच लागतं. त्या गृहस्थांच्या खिशात लिमलेटच्या गोळ्या होत्या, दोन खाऊनही झाल्या होत्या. पाकिटात व्होग्लिबोज होतं. तेव्हापासून ते ग्लुकोजची पुडी बॅगेत ठेवतात, छत्रीच्या कप्प्यात.

बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

बाकीच्या औषधांबद्दल, थोडक्यात

सगळ्यात जास्त गैरसमज इंजेक्शनांचा. "मला थायरॉइड आहे, मला ती वजन उतरवणारी इंजेक्शनं चालत नाहीत ना?" रोज कोणीतरी विचारतं. सेमाग्लुटाइड, लिराग्लुटाइड, टिर्झेपटाइडच्या खोक्यात थायरॉइडच्या कॅन्सरचा इशारा असतो, खरं आहे. पण तो मेड्युलरी नावाच्या एका दुर्मिळ प्रकाराबद्दल आहे. तो ग्रंथीतल्या सी पेशींपासून होतो आणि इशारा उंदरांवरच्या प्रयोगांतून आला. हाशिमोटोत मार खातात त्या वेगळ्या पेशी. तुम्हाला किंवा रक्ताच्या नात्यात कोणाला मेड्युलरी कॅन्सर किंवा एमईएन २ हा आनुवंशिक आजार असेल तर ही औषधं अजिबात नाहीत. नुसता हाशिमोटो किंवा ग्रेव्ह्ज आहे म्हणून ती आपोआप बाद होत नाहीत. मात्र ती जमली आणि वजन बरंच उतरलं तर थायरॉक्सिन जास्त व्हायला लागते, कारण तिचा डोस वजनाच्या हिशोबाने असतो. कपडे सैल झाले की टीएसएच करून घ्या.

पायोग्लिटाझोन, ही डायबिटीसची गोळी : ग्रेव्ह्जमुळे डोळे बाहेर आल्यासारखे झाले असतील, खुपत असतील, तर ही गोळी चिठ्ठीवर दिसताच डॉक्टरांना आठवण करा. तिने डोळ्यांचा त्रास वाढू शकतो. अंगात पाणीही धरते, आणि मंद थायरॉइडनेही चेहरा-पाय सुजतात, मग सूज कशाची ते कळेनासं होतं.

डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या : चांगली औषधं, हृदय-किडनीला उपयोगी. पण वर सांगितलेला लपलेला ऑटोइम्यून डायबिटीस असेल तर कीटोअॅसिडोसिसचा, म्हणजे इन्सुलिनअभावी रक्त आम्लधर्मी होण्याचा धोका. उलट्या, पोटात दुखणं, धाप. आणि गंमत म्हणजे साखर फार चढलेली नसतानाही हे होतं. थायरॉइडचं ऑपरेशन ठरलं असेल तर ही गोळी साधारण तीन दिवस आधी थांबवतात, सर्जनला तिचं नाव सांगा. नवरात्राचे नऊ दिवस कडक उपास धरणाऱ्यांनीही आधी विचारावं. थायरॉक्सिन मात्र उपासाच्या दिवशीही घ्यायचीच. पाण्याने उपास मोडत नाही, गोळीनेही नाही.

सिटाग्लिप्टिन, लिनाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन या डायबिटीसच्या ग्लिप्टिन गोळ्यांची थायरॉक्सिनशी विशेष भांडणं नाहीत.

मेटफॉर्मिनकडे परत येते, बी-१२ साठी. ती वर्षानुवर्षं घेतल्याने बी-१२ कमी होतं. ऑटोइम्यून थायरॉइड असलेल्यांपैकी काहींच्या जठरावरही तसाच हल्ला होतो आणि बी-१२ शोषलंच जात नाही. त्यात माळकरी, शाकाहारी घर असेल तर तिहेरी मार. पायाला मुंग्या आल्या की "शुगरमुळे" म्हणून सोडून देतात. बी-१२ तपासा, दरवर्षी तपासा.

आणि मुंग्यांसाठी आपल्याकडे सर्रास मिळणारी अल्फा लिपोइक अॅसिडची कॅप्सूल. कार्बिमाझोल आणि ही, दोन्हींमुळे क्वचित शरीर स्वतःच्याच इन्सुलिनविरुद्ध अँटीबॉडी बनवतं आणि साखर अधूनमधून अकारण कोसळते. हिराता या जपानी डॉक्टरांनी हा आजार १९७० मध्ये पहिल्यांदा नोंदवला. दुर्मिळ आहे, पण ग्रेव्ह्जवाल्याने ती कॅप्सूल मेडिकलमधून आपल्या मनाने उचलू नये. कार्बिमाझोल घेताना ताप आणि घसा धरला तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठून रक्तातल्या पेशी मोजून घ्या, हेही आलंच.

टाइप १ आणि हाशिमोटो दोन्ही असणाऱ्यांसाठी आणखी एक. इन्सुलिन अचानक कमी लागायला लागलं, वजन उतरतंय, उठलं की चक्कर, त्वचा काळवंडतेय, तर किडनीवरची अॅड्रिनल ग्रंथी तपासायला हवी. तिचा बिघाड लक्षात न येता थायरॉक्सिन सुरू झाली तर जिवावर बेतू शकतं.

गोळ्या ठेवायच्या कुठे

इन्सुलिनच्या न उघडलेल्या पेन फ्रिजमध्ये, फ्रीझरमध्ये नाही. थायरॉक्सिनची बाटली मात्र फ्रिजमध्ये नको आणि गॅसच्या वरच्या फळीवरही नको. तिला उष्णता, उजेड, ओल तिन्ही मानवत नाहीत, आणि मुंबईचा जुलै म्हणजे नुसती ओल. शंभर गोळ्यांची बाटली घेतलीत तर आतली ओल शोषणारी पुडी काढून टाकू नका, झाकण घट्ट लावा. आठवड्याच्या डबीत आठवड्याच्याच भरा. डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, २५, ५०, ७५, ८८. बाटल्या दिसायला जवळजवळ सारख्या. दुकानातून निघण्याआधी आकडा वाचा, मी दिली असली तरी वाचा.

तपासणीची सकाळ

टीएसएच आणि उपाशीपोटीची साखर एकाच टोचण्यात होतात. त्या दिवशी थायरॉक्सिनची गोळी पर्समध्ये न्या, रक्त दिल्यावर घ्या, मग अर्ध्या तासाने नाश्ता आणि मेटफॉर्मिन. इन्सुलिन घेत असाल तर नाश्ता किती लांबेल याचा विचार करून नंबर लवकरचा लावा.

केसांच्या गोळ्यांमध्ये बायोटिन असतं. ते थायरॉइडच्या तपासणीतच ढवळाढवळ करतं. टीएसएच खोटी कमी आणि टी-४ (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) खोटं जास्त दिसू शकतं, म्हणजे नसलेला ग्रेव्ह्ज कागदावर उगवतो. रक्त देण्याआधी निदान दोन दिवस बंद, डोस मोठा असेल तर लॅबला विचारून आणखी आधी.

काकू परवा आल्या. टीएसएच जमली होती, रिपोर्ट काउंटरवर पसरला, चष्मा लावून मला आकडा दाखवला. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आता एक केसांची चांगली गोळी दे गं." मी पाकीट काढलं, उलटं केलं, बारीक अक्षरं वाचली आणि विचारलं, "पुढची तपासणी कधी आहे, काकू?"